नानांच्या तळ्यातले नर

खाडीकाठच्या आमच्या खारेपाटात मान देण्याची एक ठरलेली रीत आहे. तळ्यातला सगळ्यात मोठा जिताडा काढायचा, केळीच्या पानात गुंडाळायचा आणि ज्याचा मान त्याच्या दारी पोचवायचा. नवा जावई, तालुक्याचा साहेब, पोराला नोकरीला लावणारा ओळखीचा. मासा जितका मोठा, तितका मान मोठा. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला नानांनी, माझ्या वडिलांनी, पुण्याला माझ्या सासरी जिताडा पाठवला, तो जेमतेम अडीच किलोचा होता.

माझ्या सासूबाई मनानं चांगल्या. पान उलगडून त्या एवढंच म्हणाल्या, "तुमच्याकडचे जिताडे फार मोठे असतात, असं ऐकलं होतं."

हे वाक्य पुढं कितीतरी वर्षं माझ्या मनात राहिलं. कारण आमच्या तळ्यात, पाचवीतल्या पोराएवढी लांब एक मादी होती. तिला आम्ही म्हातारी म्हणायचो. आमच्या गावात नानांएवढा मोठा मासा कुणाकडे नव्हता आणि नानांएवढा लहान मासा कुणी कुणाला देत नव्हतं. गाव त्यांना चिकट म्हणायचं. मीही एकदा फोनवर बोलले, "नाना, एक मोठा मासा दिला असता तर काय बिघडलं असतं?"

ते म्हणाले, "मोठ्या सगळ्या आया असतात गो. आई कोन पाव्हन्याला देतं काय?"

तेव्हा मी मत्स्यजननशास्त्रात डॉक्टरेट करत होते. नाना जे बोलले ते शब्दशः खरं आहे, हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरी मला तो कंजूषपणाचा बहाणाच वाटला.

जिताडा जन्मतो तेव्हा त्याचं नर की मादी हे ठरलेलं नसतं. माणसात जशी त्यासाठी वेगळी गुणसूत्रं असतात तशी या माशात नसतात. सगळ्यांकडे सगळी जनुकं सारखीच. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तो नर म्हणून वयात येतो आणि पुढं पाचव्या-सहाव्या वर्षी, कधी त्याहून उशिरा, मादी होतो. मधल्या काही महिन्यांत त्याच्या पोटातला वृषणाचा भाग विरतो आणि तिथंच अंडाशय तयार होतो. काही थोडे नर मात्र वर्षानुवर्षं नरच राहतात.

हे घडवून आणणारी जनुकं पुष्कळ आहेत, पण महत्त्वाची दोन. एक नरपण टिकवून धरतं. दुसरं असं एक विकर बनवतं, जे नराच्या संप्रेरकाचं मादीच्या संप्रेरकात रूपांतर करतं. लहान वयात या दुसऱ्या जनुकावर मिथाइलच्या बारीक बारीक खुणा बसलेल्या असतात, कुलपासारख्या. वय वाढतं, अंग भरतं, तशा त्या खुणा अंडाशयाच्या जागी हळूहळू गळतात आणि पहिल्या जनुकावर तशाच खुणा चढतात. एक दार बंद होतं, एक उघडतं. जनुकाचं एक अक्षरही बदलत नाही. बदलतात त्या फक्त खुणा.

बीज तयार करणाऱ्या केंद्रांना हीच अडचण होती. अंडी देणारी मादी हवी तर सहा वर्षं पोसा. किनाऱ्यावरच्या एका संस्थेत आमच्या गटानं यावर तोडगा काढला. जनुक न कापता फक्त त्याच्यावरच्या खुणा पुसणारं एक प्रथिन आम्ही बनवलं. आम्ही त्याला पुसणी म्हणायचो. अंडी फलित झाली की त्यांना पुसणीच्या पाण्यात तासभर ठेवायचं. त्या अंड्यांतून निघालेल्या दहा माशांपैकी सहा दोन वर्षांतच मादी होत, चार नर राहत. निदान आमच्या टाक्यांतल्या नमुन्यात तरी तसं दिसलं. या माशांच्या पिल्लांत खुणा पुन्हा नव्यानं बसतील, म्हणून दर पिढीला पुसणी लावावी लागेल, असं आम्ही लिहून दिलं. सस्तन प्राण्यांत तसंच होतं. माशांतही तसंच होईल, हे आम्ही धरून चाललो.

पहिलं बीज निघालं तेव्हा मी पन्नास पिल्लांची एक पिशवी घेऊन गावी गेले. नानांनी पिशवी उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिलं.

"तू केलीस ही?"

"आमच्या गटानं केली."

"म्हंजे तूच." त्यांनी पिशवी दोन्ही हातांत घेतली. पुढल्या आठवड्यात मी फोनवर विचारलं, "सोडली का तळ्यात?" ते म्हणाले, "सोडली."

दोन वर्षांनी त्यांचा फोन आला. मी एका बैठकीला निघाले होते.

"हर्षू, तुझ्या माशांत एकालाबी दूध नाय."

वयात आलेल्या नराचं पोट हलकेच दाबलं की पांढरा चीक येतो. नाना त्याला दूध म्हणत. दर आषाढात ते तळं ओढायचे, म्हणजे तळ्यात जाळं फिरवायचे, एकेक मासा ओल्या गोणपाटावर घ्यायचे, अंगठ्यानं पोट दाबायचे आणि पाण्यात परत सोडायचे. कशासाठी, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मीही नाही.

"माद्या झाल्या असतील नाना. त्यासाठीच तर ते बीज आहे."

"सगळ्याच?"

"काही नर राहतात. तुमच्या हाताला लागले नसतील."

"मी सगळे दाबले."

मला हसू आलं. "संध्याकाळी बोलते," म्हणून मी फोन ठेवला. संध्याकाळी मी फोन केला नाही.

टाक्यांतल्या तीस माशांचा नमुना काढणाऱ्या आम्हा सहा जणांपेक्षा नानांचा अंगठा पुढं होता. आमचे ते दहातले चार नरही पुढं मादीच झाले. माशांत जुन्या खुणा नव्या पिढीत पूर्णपणे परत बसत नाहीत. त्यात आम्ही दर पिढीला पुन्हा पुसणी लावत गेलो. दुसरी पिढी वर्षाच्या आत मादी झाली. तिसरी पिढी नर झालीच नाही. हे कळायला इतका उशीर झाला, कारण बीजकेंद्रांत नर पाळणं कधीच बंद झालं होतं. सुरुवातीच्या नरांचा चीक गोठवून ठेवलेला होता, तोच वर्षानुवर्षं वापरला जात होता. तो संपत आला तेव्हा सगळ्यांनी आपापल्या टाक्यांत पाहिलं. टाक्यांत फक्त माद्या होत्या.

एका पावसाळ्यात मोठ्या भरतीनं आमच्या भागातल्या बांधाला खांड पडली. पाणी तळ्यांत शिरलं आणि परत जाताना तळ्यांतले पुसणीच्या बीजाचे मासे खाडीत घेऊन गेलं. खाडीतले मूळचे जिताडे आधीच विरळ झाले होते, त्यांच्यात आता या माद्या मिसळल्या. नंतरची दोन वर्षं आम्ही खाडीत जाळी टाकून पाहिली. खुणा शाबूत असलेला एकही नर सापडला नाही. वृत्तपत्रांत फार काही आलं नाही. मासळीबाजारात मोठे जिताडे भरपूर होते. आणखी दहा वर्षांनी ते नसणार, एवढंच.

त्यातल्या दुसऱ्या वर्षी, आषाढात, नाना गेले. दुपारी जेवून पडवीत आडवे झाले आणि उठले नाहीत. मी पोचले तेव्हा त्यांच्या अंगठ्याच्या नखात अजून गाळ होता.

सहा वर्षांपूर्वीची ही गोष्ट. चौदाव्या दिवशी सकाळी जोमाकाकांनी माळ्यावरून मोठं जाळं खाली काढलं. काका हे नानांचे धाकटे भाऊ. दोघांचं तळं एकत्र, घरं शेजारी.

"परवा श्रावन लागतो," काका म्हणाले. "मग महिनाभर मासली नाय. सुतक फिटल्याचं जेवन उद्याच घालाला पायजे. म्हातारीला कापतो."

काकी चुलीशी होत्या, त्यांनी वळून पाहिलं.

"अशी बघू नको. दादूसला गावानं जल्मभर चिकट बोलला. मेल्यावर तरी गाव बोलंल, परशुराम घरताच्या घरी म्हातारीचं जेवन जेवलो." काका जाळं झटकत म्हणाले, "मना त्याचं नाव धुवाचा हाय."

 तळं वाचवावं असं मला वाटलंच नाही. पन्नास पिल्लं मीच तर आणून दिली होती. जिथं ती सोडली, त्या तळ्यात आणि बाजारात आता काय फरक होता?

काकींनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "आनि पाठच्या डबक्यातल्या नऊ जनींचं काय? चौदा दिस मीच त्यांना कोलीम घालतंय."

"कुठल्या नऊ जणी?" मी विचारलं.

"तुझ्या."

घरामागं एक डबकं आहे. पूर्वी त्यात म्हशी डुंबायच्या. म्हशी विकल्यावर नानांनी त्याला झावळ्यांचं कुंपण घातलं होतं. ते बुजलं असेल असं मी धरून चालले होते. काकींच्या मागोमाग गेले. झावळी बाजूला केली तर आत काळसर पाणी, वर जाळं आणि पाण्याखाली संथ फिरणाऱ्या लांब सावल्या. काकींनी मूठभर कोलीम, म्हणजे बारीक जवळा, टाकला. पाणी फुटलं.

"पन्नास व्हत्या. काई मेल्या, काई बगल्यांनी नेल्या. या उरल्या," काकी म्हणाल्या. "रोज सांजचा हितं येऊन बसाचा. बोलाचा, हर्षूच्या पोरी. सगल्या पोरीच झाल्या."

"मग तळ्यात त्यांनी काय सोडलं?"

"तल्यात कसला सोडतोय. बोलला, लेकीनं दिलंय ते टाकाचा नाय, आनि कललं नाय ते तल्यात सोडाचा नाय. खांड पडली तवा चार रात्री तल्याच्या बांधावर माती घालीत व्हता. त्याच्यानंतर खाडीचं पोरबी आनलं नाय."

मी त्या डबक्याच्या काठावर बसले. म्हणजे मोठ्या तळ्यात होते ते सगळे खांड पडण्याआधीचे, खाडीचे जुने मासे. त्यांच्या खुणांना कुणी हात लावलेला नव्हता. प्रश्न एवढाच होता, की त्यातले सगळे आतापर्यंत माद्या झाले होते, की त्यांत एखादा संथ, उशिरा वळणारा नर अजून शिल्लक होता. आषाढाचे शेवटचे दिवस होते. चीक येण्याचा हंगाम संपत आला होता.

काकांना मी सगळं सांगितलं. पुसणीची गोष्ट मी घरात पहिल्यांदाच उघडपणे बोलले, माझ्या चुकीसकट. काकांनी विडी पूर्ण ओढली.

"म्हंजे उद्या म्हातारी कापाची नाय."

"मादी एकवेळ मिळेल, काका. नर मिळाला नाही तर मात्र संपलं. उद्या जाळं ओढा. पण प्रत्येक मासा मला दाबू द्या."

"बापूस तशी लेक," काका म्हणाले. "जेवनाचं आवतान गेलंय सगल्या गावाला. लडकूशेट येईल. तो काय बोलंल ठावं हाय?"

लडकूशेट म्हात्रे हे आमचे जुने सरपंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ते छत्री घेऊन बांधावर हजर होते, बरोबर गावातली पंधरा-वीस माणसं. जाळं तळ्याच्या एका कोपऱ्यात आवळत आणलं. काकांनी पहिला मासा गोणपाटावर ठेवला. मी गुडघ्यांवर बसून त्याचं पोट दाबलं. काही आलं नाही. मग त्याच्या पोहायच्या परातून नखाएवढा तुकडा कातरून मी बरोबर आणलेल्या यंत्रात टाकला.

तो तुकडा कशाला, तेही सांगते. नैसर्गिक मासा मादी होतो तेव्हा खुणा फक्त अंडाशयात बदलतात. त्याच्या परात लहानपणच्या खुणा जशाच्या तशा राहतात. पुसणी अंड्यालाच लावलेली, त्यामुळं ती अंगभर पुसते. म्हणून पराचा एक कण पाहिला की मासा आमचा आहे की खाडीचा, ते कळतं. माझ्याकडचं यंत्र साबणाच्या वडीएवढं होतं. ते दोन मिनिटं घेई.

"काय गो, मयताच्या जेवनाआधी माशांना डाक्टरनी?" लडकूशेट म्हणाले. माणसं हसली.

"तुमचंबी पोट दाबाला लावू काय?" काका म्हणाले. या वेळी जास्त हसली.

पहिल्या माशाचा निकाल आला. खुणा पूर्ण. खाडीचा. मी यंत्र काकांना दाखवलं, त्यांना आकडे कळले नाहीत, पण माझा चेहरा पाहून त्यांनी पुढला मासा अधिक जपून उचलला.

दहा झाले. पंधरा झाले. सगळ्या माद्या. म्हातारी आली तेव्हा तिला धरायला तिघं लागले. तिचं पोट भरून तटतटलेलं होतं. लडकूशेट पुढं झुकले. "हीच ना? आमी हिला बघतच म्हातारे झालो."

काकांनी म्हातारी जाळ्यातच एका बाजूला ठेवली.

तेवीस झाले. माझे अंगठे बधिर झाले होते. जाळ्यात आता चार-पाचच उरले होते, आणि ते सगळ्यांत लहान.

"काका," मी म्हटलं, "नाना दाबून झालेले मासे ओळखायचे कसे?"

"ओलखाचा कशाला? परत सोडाचा." मग काका थांबले. "काई काई सोडताना तो त्यांची शेपटी कातराचा. जराशी, वरच्या टोकाला. मी बोललो, हे काय करतंस? तर बोलला, हे द्याचे नाय आनि खावाचे नाय."

"कुठले?"

"मी कवा इचारला गो."

पुढला मासा त्यांनी उचलला आणि दोघांचीही नजर आधी शेपटीकडे गेली. वरच्या टोकाला जुन्या, बुजत आलेल्या खाचा होत्या. वर्षावर्षाला एकेक अशा तीन. मी अंगठा पोटावर ठेवला. नाना ठेवायचे तसा, आडवा, नख न लागू देता. किंचित दाबला.

पांढरा थेंब आला. मग दुसरा. गोणपाटावर तो पसरला आणि पावसाच्या पाण्यात विरून गेला.

 काकांनी एका हातानं मासा धरला होता, दुसऱ्या हाताच्या मनगटानं त्यांनी डोळे पुसले. "दूध हाय," ते म्हणाले. "दादूस, दूध हाय रे."

उरलेल्यांत कातरलेल्या शेपटीचे आणखी दोन निघाले. तीन नर. सात-आठ वर्षांचे झाले तरी न वळलेले. त्या वेळी आमच्या माहितीत अख्ख्या किनाऱ्यावर तेवढेच होते.

मग काका उठले आणि म्हातारीपाशी गेले. कोयता बांधावरच ठेवलेला होता. लडकूशेट म्हणाले, "आता काय, मान ठेवा परशुरामाचा."

"तोच ठेवतंय," काका म्हणाले. त्यांना भाषण करता येत नाही. ते पाण्याकडे बघून बोलले. "आपन सगल्यांनी मोठा मासा दिला. जावयाला दिला, सायबाला दिला. मोठी ती आई. खाडीतल्या आया आपन वाटून टाकल्या. वरतून तिकरनं कंपनीचं बी आला. माज्या भावानं एक बी आई दिली नाय, आनि आपन त्याला चिकट बोललो. मीबी बोललो." त्यांनी खाली वाकून जाळ्याची कड सोडली. म्हातारी क्षणभर तशीच राहिली, मग शेपटी एकदा आपटून खोल गेली. काकांचा सदरा भिजला.

"मग जेवनाला काय, चिखल?" मागून कुणीतरी विचारलं.

"पाठच्या डबक्यात नऊ आहेत," मी म्हटलं. "बारा-बारा किलोच्या. माझ्या आहेत. नानांनी पोसल्यात."

त्या दिवशी गाव पोटभर जेवलं. काकींनी आगरी मसाला घालून कालवण केलं, तुकड्या तव्यावर परतल्या. लडकूशेटनी तिसऱ्यांदा भात मागितला आणि म्हणाले, "बाय, तुझी पोर चवीला झ्याक हाय." मीही जेवले. पहिला घास नानांच्या नावानं बाजूला काढला होता. माझी चूक त्यांनी नऊ वर्षं रोज संध्याकाळी हातानं खाऊ घालून सांभाळली होती, तळ्यापासून दूर आणि घरापासून जवळ. मला एका शब्दानं न दुखावता. कुणाचं काम कुणी इतक्या जपून चुकीचं ठरवलं असेल, असं मला वाटत नाही.

पुढचं संस्थेनं केलं. मी पुसणीच्या निबंधाखाली माझ्या नावानं दुरुस्ती लिहिली आणि तीस माशांच्या नमुन्याबद्दल जे लिहायला हवं ते लिहिलं. म्हातारीची अंडी आणि त्या तीन नरांचा चीक, यांतून पहिल्या खेपेला चार हजार पिल्लं जगली. निम्मी खाडीत, निम्मी गावातल्या तळ्यांत. गावानं एक नियम केला. दर आषाढात तळं ओढायचं, दूध असलेल्याची शेपटी कातरायची. मान म्हणून आता अडीच-तीन किलोचा जिताडा जातो. गेल्या दिवाळीला काकांनी पुण्याला पाठवला. सासूबाईंनी पान उलगडलं, मासा पाहिला आणि विचारलं, "तुझ्या वडिलांनी दिला होता, तेवढाच आहे ना हा?" मी हो म्हटलं. त्यांनी त्याला हळद-मीठ लावायला घेतलं.

त्या चार हजारांतला एखादा तरी आपल्या वेळेनं वळतो का, हे कळायला सहा वर्षं थांबावं लागणार होतं. त्याला घाई करण्याचा कुठलाच मार्ग आम्ही शिल्लक ठेवला नव्हता.

गेल्या मंगळवारी मी एका बैठकीत होते. काकांचा फोन आला. मी बाहेर येऊन घेतला.

"हर्षू, तुझ्या बापसाच्या तल्यात आज जालं ओढला. नव्या पोरांतल्या एकीच्या पोटात अंडी हायत."

मी विचारलं, "बाकीच्या? सगळ्याच?"

"नाय गो," काका म्हणाले. त्यांच्या मागं पाणी वाजत होतं. "मी सगले दाबले. बाकीच्या पोरांना दूध हाय. एकच."